साहेबांची बारमाही नदी

साहेब गेले. मला रडू आलं नाही. खोटं कशाला बोलू?

सकाळपासून ग्रुपवर 'द्रष्टा', 'उद्योगमहर्षी' चाललंय. ज्यांनी साहेबांना लांबूनसुद्धा पाहिलं नाही तेही हात जोडतायत. म्हटलं, आपण तर चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. आपणही दोन शब्द लिहावेत.

नगरच्या ऑफिसात मी त्यांची टायपिस्ट होते. साल एकाहत्तर.

कुणाला कारखाना काढायचा असला की तो साहेबांकडे यायचा. पाणी, वीज, कच्चा माल बघून तिथे कारखाना चालेल की नाही, हे साहेब सांगायचे. टेक्निकल फीजिबिलिटी रिपोर्ट. जाड पुठ्ठ्याची बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं.

'चालणार नाही' असा त्यांचा एकही रिपोर्ट मी टाईप केलेला नाही. 'नाही' लिहायचं तर उन्हात हिंडावं लागतं. 'हो' पंख्याखाली बसून लिहिता येतं.

त्या वर्षी कोल्हारजवळ पुठ्ठ्याचा कारखाना काढायचं ठरलं. उसाचं चिपाड हवं तेवढं, हायवे हाताशी, शेजारी प्रवरा. पुठ्ठा करायला पाणी मात्र बारा महिने लागतं, आणि लई लागतं.

कोल्हार माझं गाव. म्हणून साहेबांनी मलाही जीपमध्ये घेतलं.

"मिस शिंदे, लोकल नॉलेज असावं बरोबर."

एप्रिलचा महिना. तारीख कारखाना काढणाऱ्या चेअरमननी ठरवलेली. पोचलो तर नदी झकास वाहत होती. साहेबांनी पाण्यात लाकडाचा तुकडा सोडला, घड्याळ बघितलं, बाटलीत सॅम्पल भरलं. पंधरा मिनिटांत काम आटोपलं.

मग चेअरमनकडे पुरणपोळी. तिला दोन तास लागले.

माझे वडील, अण्णा, पाटकरी होते. कॅनॉलचं पाणी कुणाच्या शेताला कधी द्यायचं ते बघणारे. धरणातून कधी पाणी सुटतं, कुठवर येतं, कधी आटतं, हे त्यांना तोंडपाठ. ऐकून ऐकून मलाही.

परतताना जीपमध्ये मी धीर करून म्हटलं, "सर, हे नदीचं स्वतःचं पाणी नाही. खालच्या बंधाऱ्यांसाठी भंडारदऱ्यातून सोडलंय. आठ दिवसांत बंद होईल. मग इथे नुसती वाळू."

"कोण म्हणतं?"

"माझे वडील पाटकरी आहेत, सर."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून ड्रायव्हरही हसला.

"पाटकऱ्याला विचारून रिपोर्ट लिहायचा तर मी इंग्लंडला कशाला गेलो होतो?"

कशाला गेले होते देव जाणे. थंडी खायला गेले असतील.

दोन दिवसांनी डिक्टेशन. 'पेरेनियल रिव्हर.' बारमाही नदी. माझी बोटं थांबली.

"काय झालं? स्पेलिंग येत नाही का?"

येत होतं. केलं टाईप. कार्बन घालून चार कॉपीज. आमच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी मी पहिलीच, आणि ती नोकरी मला टिकवायची होती.

कारखान्याच्या जागेत आमची पाच एकर येत होती. नदीकाठची काळी जमीन. मला वाटलं, अण्णांना नदी माहीत आहे, ते काही देणार नाहीत.

त्यांनी दिली. मी विचारलं नाही, का दिली म्हणून. विचारलं असतं तर मलाही बोलावं लागलं असतं.

कारखाना उभा राहिला. बहात्तरचा पाऊस पडलाच नाही. त्र्याहत्तरला मशीन जेमतेम काही दिवस फिरलं आणि बंद पडलं ते पडलंच. पंप वाळू बघत बसले.

साहेब पाहणीला आले. मी पॅड घेऊन मागे. अण्णा तोवर रिटायर झाले होते आणि जमीन दिली म्हणून त्यांना तिथेच वॉचमन केलं होतं. स्वतःच्या जमिनीवर खाकी शर्ट घालून उभे.

साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले, "निसर्गापुढे कुणाचं चालतं? असा दुष्काळ पडेल हे कुणाला माहीत होतं?"

अण्णा म्हणाले, "दुष्काळाला कशाला बोल लावता सायेब? चांगल्या सालीबी मे म्हैन्यात हितं वाळूच असती."

"मग तेव्हा का नाही बोललात? जमीन कशी दिलीत?"

अण्णांनी साहेबांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"जमीन मागाया आले तवा चेअरमननी कागद वाचून दाखिवला. बारमाही लिवलं हुतं. आमच्या पोरीच्या हापिसातला कागद. तिला समदं ठावं हाय. म्हनलं, तिनं लिवलंय म्हंजी सरकारनं वरून पान्याची काय तरी सोय केली आसंल. पोरगी काय बापाला फशी पाडती व्हय?"

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लिहू नका."

नाही लिहिलं. तेही ऐकलं.

पुढे साहेबांचे सत्कार झाले, शाली मिळाल्या, भाषणांतून 'ग्रामीण भागाशी नाळ' वगैरे झालं. अण्णा गंजलेल्या मशीनची राखण करत राहिले. एवढी गंजकी वस्तू कोण चोरणार होतं? पण ते ड्युटीला एक दिवस चुकले नाहीत. त्या दिवसाचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही.

ग्रुपवर विचारतायत, साहेबांची एखादी आठवण सांगा. ही घ्या.

साहेब, तुम्ही माणूस म्हणून पोकळ होतात हे मी पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आले. सोयीचं होतं ते मला. तुम्हाला नदीतलं काही कळत नव्हतं. मला कळत होतं.

तुम्हाला शेवटचा नमस्कार. फुलं बाकीचे वाहतील.

अण्णा, तुम्ही होता तेव्हा जीभ उचलली नाही. आज सगळ्यांसमोर सांगते.

मला ठावं हुतं, अण्णा. माफ करा.