शेतकऱ्याच्या चेहऱ्याची नोट

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतेय, पण आधीच सांगते – मला समजून वगैरे घ्यायला जाऊ नका.

मी इजिप्तच्या जुन्या नोटा जमवते. इजिप्तच्याच का? एका बाजूला मशीद, दुसऱ्या बाजूला फॅरो – एका देशाला आपल्याबद्दल काय काय वाटतं ते त्या कागदावर दिसतं, म्हणून. अरबी आकडे मी वाशीच्या आमच्या स्वयंपाकघरात शिकले, कुकरच्या शिट्ट्या ऐकत. संग्राहकांच्या मंडळात तेव्हा मी एकटीच बाई. "ताई, साड्या जमवायच्या सोडून हे काय?" म्हणणारे पुढे माझ्याच समोर नोटा धरून उभे राहू लागले. मी खरी म्हटली की खरी. मला ते आवडायचं. अजून आवडतं. त्यात लाजायचं काय?

शशिकांत मयेकर मंडळातलाच. बेलापूरला सरकारी कचेरीत होता, मला ताई म्हणायचा. त्याचे वडील मालवाहू बोटीवर खलाशी होते. दरवर्षी त्यांच्या श्राद्धाला आम्ही जेवायला जायचो, आणि दरवर्षी शशी तीच गोष्ट सांगायचा – इजिप्तला, पोर्ट सईदच्या धक्क्यापाशी बाबांनी एका बुडणाऱ्या होडीवाल्याला पाण्यातून ओढून काढलं, आणि त्यानं जपून ठेवलेली एक जुनी नोट बाबांच्या हातात कोंबली. ती नोट आईच्या ट्रंकेत असायची. आम्ही कुणी पाहिली नव्हती.

मग आईनं ती शशीला दिली, आणि तो ती बैठकीला घेऊन आला.

एक पौंडाची नोट. तिच्यावर राजा नाही, फॅरो नाही – उन्हानं रापलेला एक साधा शेतकरी. त्यानं म्हणे कुणा राजपुत्राला सांगितलं होतं, तू राजा होशील. तो झाला, आणि त्यानं शेतकऱ्याचा चेहरा नोटेवर छापून घेतला. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण नोट? ती मी वर्षानुवर्षं शोधत होते. आणि शशी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून घेऊन आला होता – अर्धी घडी घालून! सगळे त्याच्याभोवती. मी खुर्चीत एकटी.

"ताई, बघा जरा. बाबांची आहे."

मी चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. अस्सल छपाईत शाईच्या रेषा उठून लागतात. लागल्या. कपाळावरच्या, गालावरच्या, एकेक. मला त्याच क्षणी कळलं होतं. चूक झाली, नजर चुकली, असलं काही म्हणू नका – चुकणाऱ्यांतली मी नाही.

"सपाट आहे रे," मी म्हटलं. "नकली आहे, शशी."

का म्हटलं? नोट हवी होती म्हणून? हो. भोवतालची माणसं परत माझ्याकडे वळावीत म्हणून? तेही. वळली ती. शशी थोडा हसला. "बाबा गोष्टी छान सांगायचे," एवढंच म्हणाला, आणि नोट माझ्याकडेच ठेवली – नवीन लोकांना नकली कशी ओळखायची ते शिकवायला.

मी शिकवलं. अस्सल नोट हातात धरून.

पण सांगायचं होतं ते हे नाही. पुढच्या श्राद्धाला जेवणं चालू होती. शशीनं यंदा ती गोष्ट काढली नाही, तेव्हा त्याच्या आईनं स्वतःच सुरुवात केली – "ह्यांनी त्या होडीवाल्याला..."

"आई, राहू दे," शशी म्हणाला. "बाबा थापा मारायचे. ताईंना विचार."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. काय करायला हवं होतं मी? एक वाक्य पुरलं असतं. माझ्या पानात वडे होते, काळ्या वाटाण्याची आमटी होती. मी मान खाली घातली आणि जेवत राहिले. वड्याची चवही लागत होती मला – घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. त्या बाईनं त्यानंतर नवऱ्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या पोराच्या लेखी तिचा नवरा थापाड्याच होता.

परवा वाशीत माझं व्याख्यान झालं. शशी आता रिटायर झालाय, पहिल्या रांगेत बसला होता. मी ती नोट वर धरली तसा तो शेजारच्या माणसाला कौतुकानं म्हणाला, "आमच्या पिताश्रींची थाप आहे ती." माणसं हसली. मीही हसले. आणि हसता हसता मला माझीच किळस आली. वेळ लागला यायला, माहीत आहे मला.

एका बाईला कुणी विचारत नव्हतं म्हणून तिनं असं केलं, असं म्हणाल? म्हणू नका. विचारत नव्हते ते दुसरे होते. शशी मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायचा.

नोट खरी आहे. होडीवाला पाण्यात पडला होता. मयेकरकाकांनी त्याला वाचवलं होतं.

रविवारी शशीकडे जातेय. त्यानं आत घेतलं नाही तर जिन्यात उभी राहून सांगेन, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. खोटं बोलले तेव्हाही चार माणसं होतीच.