चंद्राकाकूंची चुंबळ

कळंबच्या चंद्राकाकूंना मी रिकाम्या डोक्यानं चालताना कधी पाहिलं नव्हतं. भारा नाहीतर हंडा. काहीच नसलं तर नुसती कापडाची चुंबळ. "डोकं मोकळं असलं का पाय वाकडं पडतात गं," म्हणायच्या. शेजारच्याच त्या. लहानपणी त्यांच्या चालीची नक्कल करून मी आईचे धपाटे खाल्लेत.

गेल्या वर्षी ओट्यावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली, चालवा म्हणाले. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दिवसभर कर्जत-खालापुरात लोकांचे गुडघे-खांदे हलवून मी इतकी दमलेली असे, की काकूंच्या खाटेशी बसलं की मलाच आडवं व्हावंसं वाटे.

काकू उठायला तयार नव्हत्या. "हाडं कसली, वाळली लाकडं ती. पडू दे." सून सुरेखा सगळं जागेवर द्यायची, बेडपॅनसुद्धा. तो पुढे आला की काकू भिंतीकडे तोंड फिरवायच्या. "एकडाव परसात माझ्या पायानं जाऊ दे, मंग मेली तरी चालंल."

"काकू, हाड जिवंत असतं," मी सांगायची. "रोज थोडं झिजतं, थोडं नवं होतं. रक्तसुद्धा त्याच्या आतच तयार होतं. पण अंगाचा भार पडला तरच ते बळकट राहतं, झोपवून ठेवलं की खंगतं."

"म्हंजी माज्यावानीच खोडील हाय," काकू म्हणाल्या. पण वॉकर धरला की पाठ वाकायची, नजर पायात, दोन पावलांत "नाय जमत." असे आठवडे गेले. मी त्यांच्यावर वैतागले आणि स्वतःवरही.

एका संध्याकाळी सुरेखा पाणी भरून आली आणि तिनं डोक्यावरची चुंबळ खाटेवर टाकली. मी ती उचलून काकूंच्या डोक्यावर ठेवली. मान वर झाली, मागोमाग पाठ सरळ झाली. वॉकर धरून काकू दारापर्यंत गेल्या. "धरू नको गं मला," वर मलाच दटावलं. थोड्या दिवसांनी परसातल्या संडासापर्यंत पोचल्या. आम्हाला बाहेर उभं करून त्यांनी आतून कडी लावली. तो आवाज ऐकून सुरेखाला रडू आलं, मलाही.

माघात काकू झोपेतच गेल्या. मी पोचले तेव्हा चुंबळ उशाशी होती.

"पहाटं परसातली कडी वाजली," सुरेखा म्हणाली. "मी जागी होती, पन उठली नाय. आई एकट्याच जाऊन आल्या."