श्रद्धांजली, आणि सभा तहकूब

बायकांसाठी राखीव जागा आल्या, त्या निवडणुकीत मी आमच्या ग्रामपंचायतीची सदस्य झाले. बारामतीहून इंदापूरकडं जाताना रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. कालव्याच्या खाली ऊस, कालव्याच्या वर माळ. गाव खाली, आमची वस्ती वर. मला उभं केलं ते माझ्या सासऱ्यांनी. दहावी झालेली सून वस्तीत फक्त त्यांच्याच घरात होती आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, मीही आबाच म्हणायचे.

आमच्या भावकीतल्या बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरली होती. कुणी साखर कारखान्यावर लागलं, कुणी ट्रॅक्टरवर. आबांनी मात्र कळप सोडला नाही. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचे. पावसाळ्यात चहूकडं पेरलेलं असतं, मेंढरानं कुणाच्या बांधाला तोंड लावलं तरी भांडण. तेवढे महिने कळपाला एकच जागा होती, ती वस्तीमागचं गायरान. ते गेलं की कळप गेला. आणि कळप गेल्यावर आबांनी सकाळी उठून करायचं काय, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

त्या गायरानाचाच विषय निघाला. ते एका शिक्षणसंस्थेला कॉलेजसाठी द्यायचं आणि पंचायतीनं तसा संमतीचा ठराव करायचा. सरपंच ऊसवाले, बोलायला गोड, गावात कुणाचंही मयत असलं की सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी मोठ्या हौसेनं विषय मांडला. कॉलेज कुणाला नको होतं? मलाही हवं होतं. मी एवढंच म्हणाले की संस्थेला ऐपत आहे, तर तिनं रस्त्याकडेची जागा विकत घ्यावी. सरपंच हसले, म्हणाले, पुढच्या सभेत मत घेऊ. आम्ही एकूण नऊ सदस्य. त्यांचे पाच, आमचे चार. मत घेतल्यावर काय होणार ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पुढच्या सभेच्या दिवशी सकाळीच गावातला एक म्हातारा गेला. आमच्या बाजूचे म्होरके म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांनी उठून श्रद्धांजलीचा ठराव मांडला, सगळे दोन मिनिटं उभे राहिलो आणि सभा तहकूब झाली. आमच्या गावची ती रीतच होती. गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहिली की त्या दिवशी चावडीवर दुसरं काम करायचं नाही. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गावात कुणी ती मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. घरी जाताना गुरुजी माझ्याशी नुसतं पावसापाण्याचं बोलले. पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळलं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं.

त्याच्या पुढच्या सभेला गुरुजींचे इंदापूरचे कुणी चुलत मेहुणे वारलेले निघाले. मग आमच्यातल्या एकाचा मोरगावकडचा मामा. मग कुणाची तरी आत्या, कुणाचा व्याही. मांडायचं, उभं राहायचं, उठायचं. पाच हात वर व्हायची वेळच आम्ही येऊ देत नव्हतो. एकदा सरपंच वैतागले. म्हणाले, हा माणूस ना गावचा ना तालुक्याचा, त्याच्यापायी सभा कशाला उठवायची? गुरुजी शांतपणे म्हणाले, "श्रद्धांजलीला कुणाचा विरोध हाय? आसंल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मेलेल्या माणसाविरुद्ध हात कोण वर करणार? त्या दिवशी वस्तीकडं चढताना मला हसू आवरत नव्हतं.

पाचांना गावानं निवडून दिलं होतं हे मला मान्य होतं. पण आम्हा चौघांनाही गावानंच निवडलं होतं. पाचांनी मनाला येईल ते करायचं आणि चौघांनी विरोधाची नोंद करून घरी भाकऱ्या थापायला जायचं, यासाठीच पंचायत असेल तर आम्हाला तिथं बसवलं कशाला, असा माझा सवाल होता. गुरुजी म्हणायचे, आपण ठराव पाडत नाही, लांबवतो आहोत. तेवढ्यात कदाचित त्यांचंच मन फिरेल. मलाही तसंच वाटायचं. कुणाचं मन फिरेल म्हणून मी प्रयत्न काय केला, ते मात्र विचारू नका. मी बातम्या गोळा करत होते. बारामतीच्या बाजारात ओळखीची बाई भेटली की मी आधी तिच्या घरच्या म्हाताऱ्यांची तब्येत विचारायचे. बाई गहिवरून म्हणायची, किती मायेनं विचारतीस गं. एसटीत पुढच्या सीटवर कुणी दवाखान्याचं बोलत असलं की माझे कान टवकारायचे. माझी मलाच किळस यायची, आणि तरी सभेच्या आधी मी नव्या मयताचा शोध घ्यायचेच.

सभा उठली की तिच्याबरोबर सगळेच विषय उठत. अजेंड्यावर गायरानाच्या खालीच आमच्या वस्तीच्या हापशाच्या दुरुस्तीचा विषय होता. हापसा केव्हाचा बंद पडलेला. बायका हंडे घेऊन कालव्यापर्यंत उतरायच्या आणि परत चढायच्या. मीही त्यांच्यातच. त्या विचारायच्या, आज मिटिंगीत काय झालं? मी सांगायचे, श्रद्धांजली झाली. एकदा एक म्हातारी डोक्यावरचा हंडा सावरत म्हणाली, "आमी मेल्यावर बी उभं ऱ्हावा गं दोन मिन्टं."

आबांना हे सगळं पसंत नव्हतं. गायरान त्यांचं, कळप त्यांचा, आणि तेच माझ्यावर नाराज. पाऊस सुरू झाल्यावर एका संध्याकाळी वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, ताणून बांधता बांधता ते म्हणाले, "मेलेल्याच्या आडोशाला किती दिस बसनार हायस?" मी म्हणाले, तुमच्यासाठीच बसले आहे. त्यावर ते म्हणाले, "मानूस गेल्यावर गाव काम थांबवतं, ती मोठी गोष्ट हाय. तिचा आसा खेळ करू नगंस. हरायचं आसंल तर हार, पन तोंडावर हार." मला राग आला. मनात म्हटलं, हरल्यावर मेंढरं कुठं नेणार ते आधी सांगा. मी भांडी आपटत आत गेले आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्याच पावसाळ्यात आबा गेले. आजारी नव्हते, काही नव्हतं. सकाळी गायरानावर मेंढरं सोडून झाडाखाली बसले, ते उठलेच नाहीत. आम्ही धावत गेलो तेव्हा मेंढरं त्यांच्या आजूबाजूनं चरत होती. सरपंच नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले, खांदाही दिला. तिरडी उठली आणि आम्हाला सुतक लागलं. दहाव्याच्या आत घरातलं कुणी चावडीवर जात नाही. आणि सभा नेमकी त्या दिवसांतच होती. मला काळजी वाटली नाही. उलट पहिल्यांदाच वाटलं की आज काही खोटं मांडायचं नाही, आज खरंच आपलं माणूस गेलं आहे. आज तर सभा आपसूक उठेल.

संध्याकाळी गुरुजी वस्तीवर आले आणि अंगणात खाली बसले. मी पाणी विचारलं, नको म्हणाले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

गुरुजी उठायच्या आधीच सरपंच स्वतः उठले होते. आबांच्या श्रद्धांजलीचा ठराव त्यांनीच मांडला. लहानपणी आपण आबांबरोबर गायरानावर ढोरं राखली, त्यांच्या फडक्यातली भाकरी खाल्ली, असं सांगताना त्यांचा आवाज भरून आला. गुरुजी म्हणाले, नाटक नव्हतं ते, खरंच भरून आला होता. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग सरपंच खाली बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "आबा कामाचा मानूस. माज्यापायी गावाचं काम थांबवा, आसं त्ये कदी म्हनले नसते. त्यांचा मान राखायचा तर आज सभा चालू ठिवू. कुनाचा विरोध हाय? आसंल तर हात वर करा."

आबांच्या नावानं मागितलेल्या गोष्टीला विरोध करायला कुणाचाच हात उठेना. गुरुजींचाही नाही. मग गायरानाचं मत झालं. पाच विरुद्ध तीन.

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि एकही शिवी सुचेना. कारण माझ्यासाठी काम थांबवू नका, असंच आबा खरोखर म्हणाले असते. मी तिथं असते तरी पाच विरुद्ध चारच झाले असते.

त्याच सभेत तुंबलेले बाकीचे विषयही झटक्यात निकालात निघाले. आठवडा उलटायच्या आत माणसं येऊन हापसा दुरुस्त करून गेली. वस्तीवरच्या बायकांनी मला गळामिठी घातली, म्हणाल्या, झाली गं बाई एकदाची मिटिंग. मी त्या हापशाचं पाणी प्यायले.

गायरानाला तारा ठोकल्या गेल्या. दिवाळीच्या आत घरच्यांनी कळप विकला. मेंढरं टेम्पोत चढवताना मी घराबाहेर आलेच नाही. आतूनच त्यांचं ओरडणं ऐकलं. कॉलेजचा फलक लागला. आत कॉलेज मात्र माझी मुदत संपेपर्यंत उगवलं नाही, नुसतं गवत माजलं. ते चरायला कुणी नव्हतं.

मुदत संपत आली तेव्हा गुरुजी गेले. सभेच्या आदल्या दिवशी. जन्मभर गावातली पोरं शिकवलेला माणूस, त्या चावडीवर बसलेल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळले होते. सरपंचांनी श्रद्धांजली मांडली, सगळे उभे राहिलो. दोन मिनिटं झाली आणि खुर्च्या वाजल्या. ग्रामसेवकांनी कागद पुढं ओढून वाचलं, विषय क्रमांक दोन. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आबांच्या त्या सभेपासून आमच्या गावात मेलेल्या माणसासाठी काम थांबलेलं नव्हतं. आधी आम्ही त्या रीतीचा खेळ केला, मग त्यांनी ती मोडली, आणि आता ती होती हेच लोक विसरले होते.

मी उभीच होते. सभा तहकूब करा, एवढंच म्हणायचं होतं. आज मला काही अडवायचं नव्हतं, काही लांबवायचं नव्हतं. पण मी ते म्हटलं असतं तर सगळ्यांनी आधी अजेंडा बघितला असता, की आज हिला नेमका कुठला विषय अडवायचा आहे.

"बसा, वहिनी," सरपंच हळूच म्हणाले.

मी बसले.