बाईसाहेबांचे हात

स्टुडिओच्या कपडेपटात सगळे तिला घडीबाई म्हणायचे. कपडे धुणं, नीळ, खळ आणि घड्या तिच्याकडे; इस्त्री तिच्या नवऱ्याकडे. तिची घडी पेटीत महिनाभर राहिली तरी विस्कटायची नाही. कडा आत वळवायची, चौघडी करायची आणि शेवटी अंगठ्याचं नख दुमडीवरून एकदाच सर्रकन फिरवायची. मागच्या अंगणात राजाचा अंगरखा आणि हवालदाराची विजार एकाच तारेवर वाळायची, दोघं खळीच्या वाफेत गाणी म्हणत काम उरकायची. काय दिवस होते ते! फक्त सोड्याच्या पाण्याने तिशीच्या आतच तिच्या हातांची पार रया गेली होती.

त्या साली एका जुन्या भयकादंबरीवरून सिनेमा निघाला. रूपाचा ताठा असलेली एक बाईसाहेब; कितीही दुष्टपणा केला तरी चेहरा टवटवीत, पण प्रत्येक पापागणिक हात सडत जातात. म्हणून ती हातमोजे कधी काढत नाही. नायिकेचे हात लोण्यासारखे. रंगभूषावाल्याने चार दिवस मेण थापून पाहिलं, पण पडद्यावर ते थापलेलंच दिसायचं. दिग्दर्शक वैतागून कपडेपटात आला, बादलीतून वर आलेले घडीबाईचे हात त्याने पाहिले आणि त्याचं काम झालं.

चित्रीकरणाच्या दिवशी नवरा बाहेरगावी गेला होता. करायचं काय, तर खुनानंतर हातमोजे काढायचे आणि रक्ताचा रुमाल चुरगाळून खणात कोंबायचा. पण सवय कुठे जाते? रुमाल हाती आला आणि घडीबाईने कडा आत वळवल्या, चौघडी केली, नख फिरवलं. आता बोलणी बसणार म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. दिग्दर्शक मात्र बेहद्द खूश झाला. खून करून इतकी शांत घडी घालणारी बाई त्याला स्वतःला सुचली नसती.

घरी तिने मुद्दामच सांगितलं नाही, स्टुडिओतही नवऱ्याला कुणाला सांगू दिलं नाही. पहिल्या खेळाला नवरा आणि सासूबाई शेजारी बसलेले असताना हळूच सांगायचं, असा तिचा बेत होता. पडद्यावर हातमोजे उतरले.

"शी," सासूबाई म्हणाल्या, "पापी माणसाचे हात असेच असायचे."

अख्खं थिएटरच शी-शी करत होतं, एकट्या सासूबाईंना काय बोल लावायचा? पण घडीबाईच्या ओठांवर आलेलं तिथेच विरलं. नवरा पडद्याकडे बघत बसला होता, हूं की चूं नाही. त्या दिवसापासून फोटोत तिचे हात पाठीमागे आणि पाहुण्यांसमोर शालीखाली. नवऱ्याला कळलं तर त्यालाही किळस येईल, ही धास्ती तिने चाळीस वर्षं सांभाळली. सासूबाई गेल्या, स्टुडिओ पाडून तिथे गोदाम झालं, तरी धास्ती तशीच.

आणि परवा नवऱ्याने बातमी आणली, की रविवारी सकाळी वाचनालयात तोच सिनेमा दाखवणार आहेत. तिने गुडघ्याचं निमित्त काढलं. तो म्हणाला, मग मी एकटा जातो. एकटा जाऊन काय बघून येईल, या काळजीनेच ती निघाली.

तो प्रसंग आला तशी मागून कुणीतरी शी म्हटलं. तिने हात शालीत आणखी आत ओढले. तेवढ्यात नवरा कानाशी वाकला.

"आता बघ. नख फिरेल."

पडद्यावर नख फिरलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच खेळाला. मी इस्त्री केलेल्या कपड्यांवर रोज तीच घडी पडायची, मला कळणार नाही? चहाला जातो सांगून नऊ वेळा पाहिला हा सिनेमा."

"मग बोलला का नाहीत?"

"आईला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की ते हात माझ्या बायकोचे आहेत. माझी जीभच उचलली नाही. मग तू हात लपवायला लागलीस आणि मला तोंड राहिलं नाही."

तिला राग आला, चांगला सणसणीत. एवढ्या एका वाक्यासाठी चाळीस वर्षं! त्याच्याकडे न बघता ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

दिवे लागले. नवरा डोळे पुसत होता. हातात रुमालाचा पार चोळामोळा झालेला. लोक उठून त्यांच्याच पुढून चालले होते. घडीबाईने शाल बाजूला सारली, रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला आणि सगळ्यांदेखत कडा आत वळवल्या.