चटईतली बंदूक

गेल्या शनिवारी माझ्या पिकनिकच्या पिशवीत विळी सापडली. घडीची, टोकाला खवणी असलेली, सासूबाईंनी लग्नात दिलेली. शारजापासून तासाभरावर डोंगरात एक राखीव उद्यान आहे, त्याच्या गेटवर. कुरमुऱ्यांच्या खाली ती मीच ठेवली होती. भेळेचा कांदा विळीवरच चिरायला हवा असं माझं मत आहे, आणि ते मी कुणी न विचारता मांडत असतो. गार्डनं विचारलं, "चाकू, बंदूक, कुछ?" मी छाती काढून म्हणालो, "कुछ नहीं, भाईसाब." मग त्यानं पिशवी उघडली.

मुलं पोट धरून हसली. धाकटी म्हणाली, "बाबा, टुडे यू आर डफर दत्तू!"

आणि मला — कसं सांगू? — घाम फुटला. ऐन डिसेंबरात.

डफर दत्तूची गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. खरी मात्र एकदाही नाही. गेल्या शनिवारपर्यंत — कुणालाच नाही.

शारजात रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चार घरं जमली, जेवणं झाली, की कुणीतरी म्हणतंच, "भाऊ, ती चटईची होऊन जाऊ दे." मी जरा आढेवेढे घेतो, म्हणजे पाणी पिऊन घेतो, आणि सुरू करतो. आमच्या गावाला लागून अभयारण्य. आत बंदूक न्यायला सक्त मनाई. लायसनची असो, पिकातली डुकरं हाकलायची असो, नाक्यावर ठेवायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. लपवून नेली तर संपलंच. नाक्यावर रोजंदारीवर राखणदार दत्तू, माझा शाळेपासूनचा दोस्त. एक दिवस ह्याच पठ्ठ्याला शिकारीची लहर येते. माझ्या काकांची ठासणीची बंदूक चटईत गुंडाळतो आणि येतो स्वतःच्याच नाक्यावर! इथं मी उठून उभा राहतो, दोन्ही दत्तू करून दाखवतो. "काय हाय रं चटईत?" "काय न्हाय, साहेब!" "मग जा!" आणि रजिस्टरात स्वतःच लिहितो — तपासणी केली, काही नाही.

लोक लोळतात. बायको तर प्रत्येक वेळी पदरानं डोळे पुसते. बावीस वर्षं.

चटई माझ्या खांद्यावर होती.

लिहिलं एकदाचं.

दुबईचा व्हिसा आला होता. आठ दिवसांवर विमान. तिथल्या देरा भागात एका खोलीत दहा जणांत झोपायचंय हे तेव्हा कुठं माहीत? 'फॉरेनला जाणारा' म्हणून गावभर मिरवत होतो. जाण्याआधी एकदा जंगलात बार काढायचा, एवढीच हौस. काकांना न सांगता खुंटीवरची बंदूक काढली. दत्तू नाक्याच्या आडव्या दांड्यावर बसला होता, एक पाय खाली सोडून, मुठीत करवंदं. चटई बघून म्हणाला, "झोपायला चाललास व्हय, लेका? फॉरेनात झाडं नसत्यात, झोपून घे." आणि चार करवंदं माझ्या हातावर ठेवली. प्रत्येकाचं बोचकं सोडून बघायचं, असा नियम होता. माझं त्यानं सोडलं नाही. माझं कशाला सोडेल? दांडा वर केला आणि रजिस्टरात ती ओळ लिहिली.

बार लागला कशालाच नाही — नेम माझाच ना! पण आवाज डोंगरभर फिरला, वानरं ओरडली, आणि मी चटई-बंदूक करवंदीच्या जाळीत टाकून ओढ्याओढ्यानं घरी पळालो. संध्याकाळी वनखात्याचे साहेब रजिस्टर घेऊन दारात. बंदूक सापडली होती, काकांची म्हणून ओळखूही आली होती. "नाक्यावरून आज तू गेलास. काय नेलंस?" मी म्हणालो, "काहीच नाही. लिहिलंय की तुमच्या रजिस्टरात."

बघा ना. माझ्यावरच्या विश्वासानं लिहिलेली ओळ मी त्याच्याच गळ्यात घातली.

दत्तू रोज काकांच्या घरी, पुढच्या सोप्यात चहाला यायचा. बंदूक कुठल्या खुंटीवर असते हे त्याला ठाऊक. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार? तो साहेबांच्या मागं उभा होता, माझ्याकडं बघत. मी त्याच्या चपलांकडं. तो एक शब्द बोलला नाही. का नाही बोलला? — नाही माहीत. कायम व्हायचा होता तो त्या वर्षी. पंधरवड्यात काम गेलं. मी तेव्हा देऱ्यात पोचलो होतो.

तिथंच, त्या खोलीत, गोष्ट पहिल्यांदा उलटी सांगितली. सगळे हसले. आल्यापासून लोक मला हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याबरोबर हसले. मग काय, सोडतोय होय ती गोष्ट?

आता दत्तू कऱ्हाडला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे म्हणतात. गेट काही सुटलं नाही त्याचं. नंबर आहे माझ्याकडं, 'दत्तू नाका' म्हणून. फोनमध्ये दुसऱ्या कुणाचं नाव शोधताना तो समोर येतो, आणि मी बोट जरा जोरात सरकवतो. सुट्टीत गावी जातो तेव्हा नाक्याचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्यानं जातो. मुलांना सांगतो, तिकडं खड्डे फार.

पण इथं दर हिवाळ्यात हट्टानं अशाच जागी पिकनिक काढतो, जिथं आडवा दांडा आहे. बीच नको, मॉल नको. गेटवरच्या माणसाशी उगाच बोलत थांबतो — गाव कुठलं, चहा झाला का. मागं गाड्या हॉर्न मारतात. कशासाठी? एखादा तरी दांड्यावर बसलेला दिसावा, त्यानं मूठ पुढं करून "घे की लेका" म्हणावं... इथले दांडे बटणावर वर जातात. त्यांच्यावर कुणी बसत नाही.

शनिवारच्या गार्डनं वहीत 'नाइफ, वन' असं लिहिलं आणि वही माझ्याकडं फिरवली. मी सही केली. खरं सांगू? पिशवी उघडून बघितली म्हणून त्याला मिठी मारावीशी वाटली.

आत मुलं रानबकऱ्या शोधायला खडकांवर चढली. भेळ बिनकांद्याची. आणि मी बायकोला सांगितलं — आत्ता सांगतोय तसंच, अडखळत. तिचा हात कुरमुऱ्यांत तसाच राहिला.

परतताना गार्डनं विळी पेपरात गुंडाळून दिली. ती तिनं मांडीवर घेतली. मागं मुलांच्या कानात हेडफोन. डोंगरातला बोगदा संपला, उजेड आला, तेव्हा ती समोर बघत म्हणाली,

"बावीस वर्षं मी त्या माणसाला हसले. मला कशाला हसवलंत, हो?"