खोट्यांची भिंत

मला आर्लीन स्टोल्ट्झ आवडत नाही. हे सगळं लिहून झाल्यावर आवडायला लागेल, असंही मुळीच नाही.

फोर्ट वेन शहरात जुने व्हिडिओ गेम घेणाऱ्या-विकणाऱ्या एका दुकानात मी नऊ वर्षं काउंटरवर उभा होतो. दुकान ड्वेन फेसलरचं. आर्लीन तिथे दर शनिवारी यायची. वय बासष्ट, अंगात नवऱ्याचं जुनं बोलिंग लीगचं जॅकेट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, हातात पेट्रोल पंपावरची बिनसाखरेची कॉफी. येऊन कोणाला हॅलो नाही, हाय नाही. काचेच्या कपाटासमोर उभी राहायची आणि किंमत बघायच्या आधी लेबल बघायची.

सव्वीस वर्षं ती शहराच्या पूर्वेकडच्या कारखान्यात होती. तिथे रेडिओची सर्किटं बनायची. ती दिव्याखाली बसून सर्किटची एकेक पट्टी तपासायची आणि खराब निघाली की लाल टोपलीत टाकायची. कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या दिवशीसुद्धा तिने चौदा पट्ट्या लाल टोपलीत टाकल्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळाच माल भंगारात जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी टाकल्या. बाई अशी आहे.

मग तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवा धंदा मांडला. जुन्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये, त्या प्लास्टिकच्या डबीत, बटणाएवढी बॅटरी असते. तुम्ही खेळात कुठवर आलात ते त्या बॅटरीच्या जिवावर टिकतं. वीस-पंचवीस वर्षांनी ती मरते आणि सगळा खेळ पुसला जातो. आर्लीन जुनी बॅटरी काढून नवी डाखून, म्हणजे सोल्डर करून, द्यायची. आमच्या भागातले निम्मे शौकीन तिच्याकडे जायचे. त्यावर तिचं घर चालायचं.

तिने स्वतःच्या टेबलापुरतं बघितलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तिची जीभ गप्प बसायची नाही. एका शनिवारी मी एका माणसाला गेम विकत होतो, पावती फाडून झाली होती, आणि ही मागून म्हणाली, "घेऊ नका. खोटी आहे."

"आम्ही चालवून बघितली आहे, आर्लीन," मी म्हटलं.

"चालते म्हणूनच म्हणते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची बॅटरी अजून खेळ जपून ठेवते? माझा गुडघासुद्धा इतका टिकला नाही."

गिऱ्हाईक हसलं. तिने खिशातून खास तोंडाचा स्क्रूड्रायव्हर काढला, माझ्या परवानगीची वाट न बघता कार्ट्रिज उघडली. आतली पट्टी अर्धीच होती, चिपच्या जागी काळ्या गोंदाचा गोळा, बॅटरीचा पत्ताच नाही. "हे बघ," ती मला म्हणाली, गिऱ्हाइकाला नाही. "अस्सल पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव असतं, साल असतं. नऊ वर्षं काउंटरवर काय बघतोस रे तू?"

माझी मान खाली गेली. त्या दिवसापासून मी तिच्यावर दात धरून होतो, हे कबूल करतो.

आमच्या दुकानाची एक रीत होती. कोणी खोटी गेम विकायला आणली की ती जप्त व्हायची, परत मिळायची नाही. आणणाऱ्याचा फोटो काउंटरमागच्या भिंतीवर लागायचा. वर ड्वेनने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'खोटे'. आणि शनिवारी दुपारी, दुकान भरलेलं असताना, जप्त केलेली गेम हातोड्याने फोडायची. ज्याने पकडली त्याने फोडायची. लोक डोनट खात बघायचे, टाळ्या वाजवायचे, व्हिडिओ घ्यायचे. ड्वेन म्हणायचा, याच्याइतकी चांगली जाहिरात नाही.

मार्च महिन्यात आर्लीनच्या गाडीचा सायलेन्सर गळून पडला. तिने स्वतःची एक गेम विकायला आणली, 'आयर्न ऑर्चर्ड'. भारी मागणी होती तिला. मी ती उघडली. पट्टी पूर्ण, चिपवर नाव, साल, सगळं जिथल्या तिथे. फक्त बॅटरी हाताने डाखलेली. साहजिकच होतं, तिनेच बदलली होती. ते काम इतकं सफाईदार होतं की मला राग आला.

"हे डाखकाम कारखान्यातलं नाही," मी मोठ्याने म्हटलं. दुकानात सहा-सात माणसं होती. "खोटी आहे."

"कर्ट," ती म्हणाली, "बॅटरी मी बदलली आहे. पट्टी बघ."

"पट्टी बघितली."

"परत बघ."

"नऊ वर्षं बघतोय, आर्लीन."

ड्वेनने गेम जप्त केली आणि तिचा फोटो काढला. ती चेहरा लपवत नव्हती, सरळ कॅमेऱ्यात बघत होती. फोटो भिंतीवर लागला आणि पंधरा दिवसांत तिचं काम बंद झालं. खोट्यांच्या भिंतीवरच्या बाईकडे आपली गेम उघडायला कोण देईल? ती आतला अस्सल माल काढून घेते, अशी आवईही उठली. ती कोणी उठवली ते मला माहीत नाही. मी ती खोडून काढली नाही, एवढं माहीत आहे.

ती गेम मात्र हातोड्याखाली गेली नाही. ड्वेनने ती संध्याकाळी परत उघडली, माझ्याकडे बघून नुसता हसला आणि पुढच्या आठवड्यात काचेच्या कपाटात ठेवली. एकशे ऐंशी डॉलर, खाली चिठ्ठी, 'अस्सल, दुकानाची खात्री'.

आर्लीन आली. कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली. मग रोख पैसे मोजून तिने ती विकत घेतली. ड्वेन मागे फोनवर होता, पावती मी फाडली. पावतीवर 'अस्सल' लिहून दे, म्हणाली. मी लिहिलं. ती बाहेर गाडीत जाऊन बसली आणि पाच मिनिटांत परत आली. एका हातात उघडलेली कार्ट्रिज, दुसऱ्या हातात पावती.

"ड्वेन," ती म्हणाली, "ही माझीच आहे. माझा हात मला कळतो. आता एकच सांग. ही अस्सल असेल तर माझा फोटो भिंतीवरून उतरव. खोटी असेल तर तू मला खोटा माल विकलास."

शनिवार होता. दुकान गच्च भरलेलं. ड्वेनची आई आणि आर्लीन एकाच चर्चमध्ये जायच्या. तो कपाळावर हात मारून माफी मागेल असं मला क्षणभर वाटलं. पण तो गल्ल्याकडे गेला, एकशे ऐंशी डॉलर काढून तिच्यासमोर ठेवले आणि लोकांकडे वळला.

"आमच्याकडून चूक झाली," तो म्हणाला. "जप्त केलेली खोटी गेम चुकून कपाटात गेली. पण हे दुकान खोटं पाठीशी घालत नाही. कर्ट, हातोडा आण. तू पकडलीस, तूच फोड."

मी हातोडा आणला. फोन वर झाले. ड्वेनने तिच्या हातातून पट्टी घेतली आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवली. आर्लीन माझ्याकडे बघत होती. ओरडली नाही, हात आडवा घातला नाही. मला वाटलं, काहीतरी बोल ना बाई, म्हणजे मी थांबेन. ती बोलली नाही. मी मारला. दोन घावांत पट्टीचे तुकडे झाले. काही जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

तिने सगळ्यात मोठा तुकडा उचलला, चिप होती तो, आणि शेजारी फोन धरून उभ्या असलेल्या माणसापुढे धरला. "नीट जवळून घ्या," ती म्हणाली. "नाव दिसतंय? साल दिसतंय? या दुकानाच्या मते खोटी गेम अशी दिसते. घरी जा, तुम्ही इथून घेतलेल्या उघडा आणि ताडून बघा." पैसे काउंटरवर तसेच ठेवून ती निघून गेली.

सोमवारी पहिला माणूस आला. त्याच्या गेममधली पट्टी व्हिडिओतल्या पट्टीसारखीच होती, तेच नाव, तीच घडण. त्याला पैसे परत हवे होते. ड्वेनने सांगितलं, तुमची अस्सल आहे. तो म्हणाला, मग बाईंची कशी खोटी? मंगळवारी नऊ जण आले. बुधवारी तर पार्किंगमध्ये रांग लागली आणि शेजारचा टायरवाला बाहेर येऊन फुकटचा तमाशा बघायला लागला. प्रत्येकाच्या हातात अस्सल गेम आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न. ड्वेनला दोन दिवस पैसे परत द्यावे लागले, तेही चांगल्या मालाचे. गुरुवारी त्याने स्वतः स्टुलावर चढून आर्लीनचा फोटो उतरवला आणि तिला फोन केला.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "त्याच वेळी. सगळ्यांसमोर सांगायचं."

ड्वेनने सगळं माझ्या गळ्यात बांधलं होतं. मी म्हणायचं होतं की बॅटरीचं डाखकाम बघून माझी गफलत झाली, माफ करा. तशी कोणाचीही होऊ शकते. शनिवारी दुकान भरलं. आर्लीन त्याच जॅकेटमध्ये आली, काउंटरसमोर उभी राहिली आणि कॉफीचा घोट घेतला. मी तोंड उघडलं आणि ते पाठ केलेलं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"गफलत नव्हती," मी म्हटलं. "ती अस्सल होती. पहिल्यांदा उघडली तेव्हाच मला कळलं होतं. फोडतानाही माहीत होतं."

ड्वेनने मला शिवी हासडली. माझी नोकरी तिथेच संपली, ते सगळ्यांना दिसलं. आर्लीनने मान हलवली, जणू मी तिला बाहेर पाऊस पडतोय एवढंच सांगितलं होतं.

"तुला माहीत आहे, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू चिपवरचं साल वाचलंस तेव्हा तुझे ओठ हलले होते. सव्वीस वर्षं मी हेच काम केलं."

मला तिचा भयंकर राग आला. चाळिशीकडे झुकलेला माणूस मी, भर दुकानात माझा आवाज चढला. "मग त्या दिवशी मला अडवलं का नाहीत? एक शब्द बोलला असतात तर मी थांबलो असतो. तुमची गेम वाचली असती."

"गेमचं काय घेऊन बसलास," आर्लीन म्हणाली. "मी तुला तपासत होते."

तिने कप काउंटरवर ठेवला. मागच्या बाईने आपली कार्ट्रिज पुढे करून विचारलं, जरा बघता का. आर्लीनने भिंग डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.