बर्फाचं वय

बर्फण्णांना घाई करताना मी कधी पाहिलं नाही. हातगाडीवर वितळणारा माल, आणि चाल मात्र देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या म्हाताऱ्याची. म्हैसूरच्या एप्रिलमधल्या उन्हात ते आमच्या गल्लीत शिरत. मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ आणि ती चाटत येणारं एखादं कुत्रं. ओळखीच्या घराच्या पायरीवर टेकून आधी "दमलो" म्हणायचं, ही त्यांची नमस्काराची रीत होती.

त्यांच्या घराण्यात पूर्वी कापडं रंगवायचं काम चाले. आजोबांचे हात म्हणे कोपरापर्यंत निळे असत. यांचे बर्फाच्या लाद्या उचलून पांढरे पडलेले, सुरकुतलेले. त्यांना खरं नावही होतं, पण ते मतदार यादीपुरतं.

गाडीच्या फळीला त्यांनी मुद्दाम भोकं पाडली होती. बर्फ आपल्याच पाण्यात बसला की लवकर संपतो, म्हणून पाणी वाहून जाऊ द्यायचं, असं ते सांगत. एकदा टी. नरसीपूरच्या लग्नाला त्यांनी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून बर्फ नेला. लादी अर्धीच उरली म्हणून वधूपिता अंगावर आला, तर हे म्हणाले, "बाकीचा रस्त्यानं प्याला. त्यालाबी तहान हाय की."

मी तेव्हा कॉलेजात विज्ञान शिकत होते आणि दोन पुस्तकं वाचल्यावर येते तेवढी अक्कल माझ्यापाशी होती. पाणी तापलं की वाफ निघते हे ठीक, पण बर्फावरून धूर का निघतो, असं त्यांनी एकदा विचारलं. मी ऐटीत सांगितलं की तो बर्फाचा नसतोच. आपल्या भोवतीच्या हवेतलीच वाफ बर्फाजवळ गार होते, तिचे बारीक थेंब होतात आणि ते आपल्याला धुरासारखे दिसतात. "म्हंजे धूर आपला, नाव बर्फाचं," एवढंच म्हणाले आणि गाडी ढकलत निघून गेले.

त्याच उन्हाळ्यात, एका सकाळी बाबा गेले. दादा सैन्यात, पार उत्तरेला. तीन वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेला होता, तो परत आलाच नव्हता. तार केली, पण त्याला पोहोचायला दोन दिवस लागणार होते. गल्लीतली वडीलधारी मंडळी म्हणाली, असल्या उन्हात संध्याकाळच्या आत उरकायला हवं. आई बाबांच्या उशाशी बसली होती. दादाला तोंड दिसल्याशिवाय उचलायचं नाही, असं ती एकदाच म्हणाली आणि मग बोलायचीच थांबली.

बर्फण्णांना बोलावलं. ते आले तेव्हा घरातल्यांनी आपल्या अकलेने अर्धं काम करून ठेवलं होतं. कुठून कुठून गोळा करून आणलेल्या बर्फावर पंखा भरधाव सोडला होता आणि काका मिठाची पिशवी फोडत होते. बर्फण्णांनी आधी पंखा बंद केला. "ह्यो सुम्ने, उगाच वारा घालून बर्फ खातो," ते म्हणाले. मग खिडक्या लावून घेतल्या आणि काकांचा हात धरला.

"मीठ बेडा, नको, काका. मिठानं गारवा वाढतो, पण बर्फाचं वय घटतं. तुमाला गारवा पायजे का पोरगा पायजे?"

काकांनी पिशवी खाली ठेवली.

पत्र्याच्या पन्हाळीत लाद्या रचून पाणी परसात निघेल अशी वाट त्यांनी करून दिली. वर भुसा, त्यावर गोणपाट. मग स्वतः दाराशी बसून राहिले. लादी बारीक झाली की उठायचे, कारखान्यातून दुसरी आणायचे. दुसऱ्या दिवशी कारखान्याची वीज गेली, तेव्हा एका लग्नाला कबूल केलेल्या लाद्या त्यांनी आमच्या दारात उतरवल्या. नुसती दारं उघडायची आणि लावायची एवढंच काम माझ्याकडे होतं, तरी मी इतकी थकले की रडूही येईना.

दादा तिसऱ्या दिवशी दुपारी पोहोचला. त्याने बाबांचं तोंड पाहिलं, पायांवर डोकं ठेवलं आणि तसाच राहिला. बर्फण्णांनी तोवर परसातून गाडी बाहेर काढली होती.

पुढे घरोघरी फ्रिज आले, मी लग्न होऊन हैदराबादला गेले. बर्फण्णा गेल्याचं मला फोनवर कळलं. रात्रीची गाडी पकडून सकाळी पोहोचले, तर सगळं आदल्या दिवशीच आटोपलेलं. मला राग आला. त्यांचा मुलगा जवळच बेळगोळला नोकरीला होता. त्याला मी म्हटलं, माझ्यासाठी एक दिवस थांबता आलं नाही तुला? त्यांनी आमच्यासाठी दोन दिवस राखले होते.

"अप्पांनीच सांगून ठिवलं होतं, अक्का," तो म्हणाला. "तुमच्या घरून परत आले तवा आईला म्हनाले, बर्फ बदलता येतो, बसलेलं मानूस बदलता येत नाही. मला कधी ठिवू नका."

त्या दोन दिवसांत आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो. आई त्यांच्या उशाशी बसल्या बसल्या म्हातारी झाली होती, ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. बर्फण्णांच्या आलं होतं.